डाव्या खांद्याची पारडी

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर शेंगा फोडल्या. पिंपळे सौदागरच्या आमच्या सातव्या मजल्याच्या गॅलरीत मधे सूप ठेवून बसलो होतो. खाली सोसायटीत कुणाच्या तरी पोराचा वाढदिवस चालला होता आणि त्या पोराला सोडून सगळे नाचत होते. हौसा माझ्या डाव्या अंगाला, मी तिच्या उजव्या अंगाला. जन्मभर अशीच बसायची ती, कारण ती डावरी. तिचं डावं कोपर बाहेर, माझं उजवं कोपर बाहेर, त्यामुळं एवढ्या वर्षांत आमची कोपरं कधी एकमेकांना लागली नाहीत. तोंडं मात्र रोज वाजायची. शेंगा सुनेनं मॉलमधून आणलेल्या, पिशवीवर गाठीऐवजी शिक्का. हौसानं एक फोडली, दाणा चावला आणि म्हणाली, "ह्याला शेंगा म्हणायचं व्हय? डुकरं बी तोंड लावायची न्हाईत." मी म्हणालो, "डुकरांचं तुलाच ठाऊक." ती हसली. दात कमी होते, पण हसायला काही कमी पडलं नाही. मग तिनं पदर झटकला, सूप भिंतीकडं सरकवलं आणि म्हणाली, "ऱ्हायलेल्या उद्या फोडू." हे तिचं शेवटचं बोलणं, असं मी लोकांना सांगत नाही. शेवटच्या बोलण्यात लोकांना काहीतरी देवाधर्माचं लागतं. शेंगांचं सांगितलं की माणसं दुसरीकडं बघतात आणि चहा पितात.

डुकरांचं तिला ठाऊक होतं, ते कसं, ते सांगतो. आमच्या घरात एक दुनळी बंदूक होती. तिच्यामुळं ही बाई माझ्या घरात राहिली. नाहीतर बाजाराच्या रिवाजानं ती परत जायची होती.

आमचं गाव चाकणच्या वरच्या अंगाला, डोंगराला पाठ टेकून बसलेलं. आता तिथं कंपन्यांच्या भिंती आहेत आणि भिंतींवर 'हिरवा परिसर, सुंदर परिसर' असं लिहिलेलं आहे. तेव्हा परिसर हिरवा होता, पण लिहिलेलं नव्हतं, म्हणून कुणाला कळलं नाही. आमचं घर म्हणजे पुढं गोठा, मागं माणसं. गोठ्यातलं सगळं घरात यायचं: वास, माश्या आणि आबा. आबा म्हणजे माझा बाप. चाकणच्या बैलबाजारात त्यांचा शब्द चालायचा. घरात चालायचा नाही, म्हणून ते बाजारातच जास्त रमायचे. दातावरून बैलाचं वय, शेपटीवरून स्वभाव आणि मालकाच्या पागोट्यावरून भाव, एवढं ज्ञान त्यांना होतं, आणि ह्यापलीकडं जगात काही असतं असं त्यांना वाटत नव्हतं. माणसंही ते त्याच मापानं मोजायचे. माझ्याबद्दल त्यांचं मत 'खायला बरा, ओढायला सुमार' असं होतं. मी चौथी शिकलो, त्यात तिसरी दोनदा, तेव्हा ते मत काही अगदीच चुकीचं नव्हतं.

बाजाराचे दोन नियम आबा देवाच्या आज्ञेसारखे पाळायचे. एक म्हणजे भाव तोंडानं बोलायचा नाही, उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवायचा, म्हणजे तिसऱ्याला सुगावा लागत नाही. आणि दुसरा, घेणाऱ्यानं 'खोड काय?' असं विचारलं की विकणाऱ्यानं खरं सांगायचं. सांगून विकलं तर पुढं घेणाऱ्याचं नशीब. लपवून विकलं आणि खोड निघाली, तर जनावर परत, आणि चार माणसांत मान खाली. ह्या दुसऱ्या नियमावर आमचं लग्न अडकलं.

हौसा मावळातली. बघायला गेलो तेव्हा तिनं चहा उजव्या हातानं दिला, सुपारी उजव्या हातानं दिली, आणि नाव विचारलं तर तेसुद्धा उजवीकडं बघून सांगितलं. तिच्या बापानं महिनाभर तालीम घेतली होती, हे मला तिनंच पुढं सांगितलं. लग्न झालं, पाहुणे पांगले, आणि घरच्या पहिल्याच पंगतीला आबांच्या ताटात डाव्या हातानं भाकरी पडली.  चुलीवर पिठलं रटरटत होतं.

"डावरी हायेस व्हय गं तू?" आईनं विचारलं.

"व्हय, आत्याबाई."

"आन सांगितलं न्हाई ते?"

"तुमी इचारलं न्हाई."

आबांचा घास हातातच राहिला. कायदा पोरीच्या बाजूचा होता, आणि ते आबांना घरात सगळ्यांत आधी कळलं. आई म्हणाली, "आसली खोड काय इचारायची आसती व्हय? बापानं झाकून दिली. झाकून दिलेलं परत." आबांनी बराच वेळ घास चावला आणि निकाल दिला, "सुगी हू दे. मग बघू." म्हणजे भुईमूग निघेपर्यंत पोरीचे हात कामाला लागतील, डावा असो का उजवा, आणि मग तिला तिच्या बापाच्या दारात सोडून यायचं. मी म्हणालो, "ती गेली तर मी बी जातो. आकुर्डीला कंपनीत भरती चाललीया." दुचाकीचा कारखाना तेव्हा नवा होता. आई म्हणाली, "जा की. मशिनीला हात जोड, भाकरी वाढती का बघ."

तेव्हापासून हौसानं वाढायचं नाही, देवाच्या ताटाला शिवायचं नाही, पाहुण्यापुढं यायचं नाही. शेण काढायचं, पाणी भरायचं, दळायचं. शेणाला डावं-उजवं नसतं. पहाटे आई आणि ती जात्यावर समोरासमोर बसायच्या. आईचा उजवा हात आणि हौसाचा डावा, दोन्ही एकाच बाजूनं खुंट्याला. असं हलकं जातं आमच्या घरात कधी फिरलं नव्हतं. घरघर ऐकत मी पडून राहायचो आणि मला वाटायचं, आता आईच्या लक्षात येईल. आईच्या लक्षात आलं होतंच. पण लक्षात येणं आणि कबूल करणं ह्यांत आमच्या घरी एक-दोन पिढ्यांचं अंतर असायचं.

आता डुकरं. डोंगरातून रानडुकरांचा कळप उतरायचा आणि भुईमूग असा उकरून टाकायचा की नांगरट करायचे पैसे त्यांनाच द्यावेत. रॉकेलचे डबे वाजवून झाले, बुजगावणं उभं करून झालं. बुजगावण्याला आबांचा जुना सदरा घातला होता. डुकरं आबांना गावाएवढंच घाबरायची, म्हणजे अजिबात नाही. राखणीला हौसा असायची आणि तिची गोफण होती. माहेरी पाखरं राखत वाढलेली. गोफण डाव्या हातानं गरगरवून दगड सोडायची, तो सांगितलेल्या फांदीला लागायचा. पण रानडुकराला दगड म्हणजे पाठ खाजवल्यासारखं. आदल्या साली निम्मी सुगी त्यांच्या पोटात गेली होती, म्हणून आबांनी पीकराखणीच्या बंदुकीचा परवाना काढला. तो कसा काढला ते लिहीत नाही. ज्यांनी त्यासाठी कोंबड्या खाल्ल्या ते सगळे आता वर गेलेत.

परवाना आला, पण बंदूक कुठली घ्यायची? सल्ला द्यायला दिघीचे मामा आले. मामा पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. पलटणीत होते हे खरं, पण तिथं त्यांनी बंदुकीपेक्षा डाळीची पोती जास्त उचलली होती. आता दिघीला लष्कराच्या रानाला लागून राहायचे, तिथं चांदमारीचे बार दिवसभर वाजायचे, आणि ऐकून ऐकून माणूस नेमबाज होतो असं त्यांचं मत होतं.

"रायफल घ्या, दाजी," मामा ओट्यावर मांडी ठोकून म्हणाले. "बाकी सगळी फटाकडी."

"काय पडती?"

मामांनी सांगितलं. आबांनी गोठ्याकडं बघितलं, घराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. माझा काही भाव येणार नव्हता. "समदं इकलं तर नळी यील," ते म्हणाले. "दस्ता फुडल्या साली."

"आन रान इकल्यावर डुकरं कुठं यायची?" आतून आई म्हणाली. "बंदूक बघाया?"

शिवाय रायफलीचा परवाना वेगळा आणि आणखी कोंबड्यांचा. म्हणून रायफल मामांच्या तोंडातच राहिली, आणि तिथं ती मरेपर्यंत राहिली. शेजारच्या वाडीत एकाकडं ठासणीची बंदूक होती, ती तो द्यायला तयार होता. दारू घाला, चिंधी घाला, गजानं ठासा, छर्रे घाला, परत ठासा, टोपी बसवा. तोवर डुक्कर खाऊन, लोळून, पोराबाळांना घेऊन डोंगरात पोचायचं. स्वस्त होती हे खरं. न मारणारी कुठलीही बंदूक स्वस्तच पडते. राहिली नवी एकनळी. तिच्यासाठी आईनं तिची पारडी विकायला काढली. म्हशीचं ते एकच मादी पिल्लू, आईनं स्वतःच्या हातानं वाढवलेलं, पुढं दूध देणारं. बाजारात आबांनी तिला सोडली आणि आई दिवसभर कुणाशी बोलली नाही. त्या दिवसापासून घरात बंदुकीचं नाव 'पारडी' पडलं. बंदूक यायच्या आधीच.

पुण्यात कॅम्पात बंदुकीचं दुकान होतं. आबा, मामा आणि मी गेलो. काचेच्या कपाटात बंदुका उभ्या, खाली लाल मखमल, आणि आमच्या पायांना गोठ्याची माती. मी पाय एकामागं एक लपवत उभा होतो. नव्या एकनळीचा भाव ऐकला तेव्हा कळलं की पारडी विकून एकनळीची अर्धी नळी येते. आबा गप्प झाले. बाजारात कसलेला माणूस गप्प झाला म्हणजे त्याची नजर फिरत असते. ती फिरत फिरत कोपऱ्यात गेली. तिथं एक दुनळी भिंतीला टेकलेली. जुनी, पण काय रूप होतं. नळ्यांवर बारीक वेलबुट्टी, दस्त्याचं लाकूड मधासारखं.

"ती?"

"ती विलायती आहे, काका," दुकानाचा शेठ म्हणाला. "एका सायबाची. जाताना विकून गेला. चांगला माल, पण कोण घेत नाय, म्हणून स्वस्त."

आता माझ्या बापानं विचारायचं ते विचारलं. "खोड काय?"

शेठनंही रिवाज असल्यासारखं खरं सांगितलं. "खोड नाय काय. सायब डावरा होता. डाव्या खांद्याला बसेल असा दस्ता वाकवून घेतलाय त्यानं. उजव्या माणसाचा गाल नाय बसणार तिच्यावर. नेम चुकेल."

मला वाटलं आता आबा मागं फिरतील. पण आबांच्या तोंडावर हसू आलं, बाजारात स्वस्तात चांगला बैल दिसला की यायचं तसलं. "येवढंच व्हय?" ते म्हणाले. "जुवाच्या डाव्या अंगाला चालणारा बैल उजवीकडं जुंपला की आधी आडतोच. एका पेरणीत सवय लावतो मी."

"काका, ही लोखंडाची आहे."

"बैल तरी काय मेणाचा आसतो का?"

शेठनं मामांकडं बघितलं. मामांनी नळ्यांतून उजेड बघितला, नळ्यांचा वास घेतला, दस्त्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, "आव्वल." मग आबांनी खांद्यावरचं उपरणं काढून शेठच्या हातावर टाकलं आणि खाली हात घालून त्याची बोटं दाबायला लागले. शेठ दचकून हात ओढायला लागला. त्याला वाटलं म्हातारा बोटं मोडतोय. मी आणि मामा मधे पडलो आणि समजावलं की हा भाव चाललाय. शेवटी तोंडानं ठरलं आणि उरल्यासुरल्यात थोडी काडतुसं आली. येताना एष्टीत आबा बंदूक मांडीवर घेऊन असे बसले होते की कंडक्टरनं आमच्याकडं तिकीट मागायच्या आधी घसा खाकरला.

घरी आईनं विचारलं, "खोड काय?" ती बाजारवाल्याचीच बायको.

"डावी हाय," आबा म्हणाले. "पर सांगून दिलीया."

आईनं अंगणात भांडी घासणाऱ्या हौसाकडं बघितलं. "घरात एक हुती, ती पुरत नव्हती व्हय?"

खंडेनवमीला पारडीला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ लागली. हौसाला लांब उभी केली होती. मग आबांनी पारडीला सवय लावायला घेतली. दस्त्याला तेल चोळलं, उन्हात ठेवली, वर दगड ठेवला. सायबानं वाकवलेलं लाकूड सरळ होईना. गोऱ्यांनी वाकवलेलं आपल्याकडं अजून बरंच सरळ व्हायचंय, तेव्हा लाकडाला तरी काय बोलायचं. पहिला बार आबांनी रानातल्या राखणीच्या माळ्यावरून काढला. नेम डुकरावर, छर्रे डावीकडं, आणि बुजगावणं आडवं झालं. अशा रीतीनं आबांनी पहिली शिकार केली ती स्वतःच्या सदऱ्याची. मामा दिघीहून आले आणि त्यांनी एक बार ढगाला मारला. धाक बसावा म्हणून मुद्दाम मारला, असं ते म्हणाले. मी मारला तेव्हा दस्ता गालावर असा बसला की माझा एक डोळा बारीक झाला. आई दर बाराला दारात यायची आणि म्हणायची, "गेलं माझं एका दिसाचं दूध." काडतुसं संपत आली, भुईमूग उकरला जात होता, आणि सुगी तोंडावर आली होती. आईनं हौसाचं बोचकं बांधून कोनाड्यात ठेवलं होतं, वर एक नवं लुगडं. रीत म्हणून. आमच्याकडं माणसाला हाकलतानासुद्धा रीत सोडत नाहीत. मावळात तिच्या बापाला सांगावा गेला होता. हौसा त्या कोनाड्याखालून दिवसातून दहादा जायची आणि वर बघायची नाही.

त्या पहाटे माळ्यावर आबा आणि मी होतो. आबांचा गाल रताळ्यासारखा सुजलेला, पारडीला तोंड लावायची सोय नव्हती. खाली धुकं, आणि धुक्यात कळपाचा घुरघुराट, शेंगा चावल्याचा कुटुकुटु आवाज. आमच्या शेंगा आमच्या कानांदेखत खाल्ल्या जात होत्या. उजाडायला लागलं तशी हौसा आली, डोक्यावर भाकरीची पाटी, कमरेला गोफण. शिडी चढून वर आली, पाटी ठेवली, आणि कोपऱ्यातली पारडी वाटेत होती म्हणून ती उचलली. उचलली ती बाजूला ठेवायला. पण हातात घेतल्यावर ती थांबली. मग तिनं ती डाव्या खांद्याला लावून बघितली. कुणी शिकवलं नव्हतं. घागर कमरेवर जशी आपोआप बसते तशी बसली. गाल लाकडावर टेकला, मान कुठं वाकली नाही, कोपर कुठं अडलं नाही.

मी आबांकडं बघितलं. बाजारात एखादी जोडी येते, दोन्ही बैल आपापल्या अंगाला, आणि सगळा बाजार बोलायचा थांबतो, तेव्हा आबा जसे बघायचे तसे बघत होते.

"तशीच ऱ्हा, पोरी," ते हळूच म्हणाले. त्यांनी तिला 'पोरी' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. "फुडं नळीच्या टोकाला मणी हाय. दिसतोय?"

"दिसतोय, मामंजी."

"गोफण सोडताना बघतीस तसं बघ. आन चाप वड. हिसका बसंल."

धुकं ओढ्याकडं सरकत होतं आणि कळप परतायला लागला होता. पुढं एक नर, मागं माद्या. हौसानं श्वास घेतला. मी माझ्या सुजलेल्या गालाला हात लावून उभा होतो, दुसरं काय करणार. बार झाला, डोंगरावरून परत आला, आणि नर चार पावलं पळून पुढच्या गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला. कळप फुटला. हौसाचा खांदा मागं गेला होता, पण पारडी खाली आली नव्हती.

"आणखी एक काढू का, मामंजी?"

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "म्हाग हाय."

आमच्याकडं रानडुक्कर पडलं की ते गावाचं. वडाखाली आणायचं, घरटी वाटे करायचे, आणि मुंडीचा वाटा ज्याचा बार त्याच्या घरी, नाव पुकारून. तेव्हा शिकारीचा कायदा आजच्यासारखा नव्हता, पण परवान्याचा होता, आणि परवाना आबांच्या एकट्याच्या नावावर होता. दुसऱ्याच्या हातून बार झाला हे चार माणसांत बोललं तर पारडी जायची. आणि 'माझा बार' म्हटलं तर कोनाड्यातलं बोचकं तसंच राहायचं. मी आबांच्या मागं उभा होतो. पाटलांनी वाटे घातले आणि विचारलं, "बार कुणाचा?"

आबांना विचारलं होतं. विचारल्यावर खोटं सांगायची त्यांना सवय नव्हती, आणि ह्या वयात लावून घ्यायची इच्छा नव्हती. त्यांनी सुजलेल्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बार डाव्या खांद्याचा."

 सगळ्या गावानं त्यांचा उजवा गाल बघितला, माझा उजवा गाल बघितला. आमच्या घरात डावं कोण, हे गावाला आमच्या आधीपासून माहीत होतं. पाटील मिशीत हसले. "मग मुंडी डाव्या खांद्याच्या घरी धाडा," ते म्हणाले, आणि दवंडी देणाऱ्या तराळानं तसंच पुकारलं. परवाना शाबूत राहिला आणि खोटं कुणाच्याच तोंडून गेलं नाही. माझा बाप वकील झाला असता तर आज आम्ही सातव्या मजल्यावर नसतो, सगळी बिल्डिंग आमची असती.

घरी बातमी आमच्या आधी पोचली होती. असलं मटण आमच्याकडं घरातल्या चुलीवर चालत नाही, अंगणात तीन दगडांवर शिजतं. आईनं सांगायच्या आधीच पाटा मांडून खोबरं, लसूण, लाल मिरची वाटायला घेतली होती. वरवंट्याचा आवाज नेहमीपेक्षा जोरात येत होता. पंगत बसली. आबा, मामा, मी. आणि मग आई स्वतः पंगतीत येऊन बसली. ती कधी पंगतीत बसत नसे. ती बसली म्हणजे वाढणार कोण, हे सगळ्यांना कळलं. हौसाला सगळ्यांत शेवटी कळलं, कारण तिनं ती आशा आधीच टाकून दिली होती.

"वाढ की गं," आई ताटाकडं बघत म्हणाली.

हौसा पातेल्याजवळ उभी. "कुठल्या हातानं, आत्याबाई?"

"डुक्कर कुठल्या हातानं मारलंस?"

"डाव्या."

"मग वाढाय काय आता उजवा पाव्हणा बोलवू?"

तिनं वाढलं. रस्सा इतका तिखट होता की सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिखटानंच आलं असं सगळ्यांनी ठरवलं. आईनं बोचकं सोडलं, लुगड्याला कसर लागेल म्हणून, असं तिनं सांगितलं. नैवेद्य मात्र उजव्या हातानंच दाखवायचा, ही अट तिनं मरेपर्यंत सोडली नाही. हौसानं ती पाळली. "देवाला मी डावरी हाय त्ये आजून सांगितल्यालं न्हाई," ती म्हणायची. "त्यानं बी इचारलं न्हाई." आबा बाजारात जाऊन सांगू लागले की डावी बंदूक घेतली आणि एका पेरणीत सवय लावली. सवय घराला लागली होती, पण असलं बाजारात कोण सांगतं.

पुढं रानात मोजणीवाले आले, मग खुंट्या आल्या, मग कंपनी आली. परवाना पीकराखणीचा, आणि राखायला पीक उरलं नाही, तेव्हा पारडी चौकीत जमा करावी लागली. आबा ती स्वतः घेऊन गेले, कापडात गुंडाळून. परत आल्यावर म्हणाले, "पारडी कोंडवाड्यात घातली," आणि पुढं कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, दंड भरून सोडवता येती का. शेवटी मी आकुर्डीला गेलोच, पण हौसाला घेऊन. मशिनीनं भाकरी वाढली नाही. भाकरी हौसानं वाढली, रोज, डाव्या हातानं, आणि शिफ्टवरून आलेल्या माझ्या दोस्तांपैकी एखाद्यानं नाक मुरडलं तर मी विचारायचो, "का राव, डुकराची गोष्ट सांगू का?"

त्या गॅलरीतल्या संध्याकाळनंतर ती झोपली ती उठली नाही. सकाळी सून फोन लावत होती, मुलगा खाली लिफ्टवाल्याशी बोलत होता, सोसायटीतल्या बायका दारात चपला काढत होत्या. मला कुणीतरी खुर्चीत बसवलं. मी उठलो आणि गॅलरीत गेलो. सूप भिंतीला तसंच टेकलेलं. मी ते मधे ओढलं आणि तिच्या जागेवर बसलो, उजव्या अंगाला माझी जागा मोकळी सोडून. एक शेंग घेतली आणि डाव्या अंगठ्यानं दाबली. घसरली. परत दाबली.

सून दारात आली. "अप्पा, लोक येतायत. आत्ता हे कशाला?"

"उद्या फोडू म्हणाली होती."

ती गेली. मी बसलो. डाव्या अंगठ्याला जोर नाही, टरफल फुटायच्या आधी दाणा चेंदत होता, निम्म्या शेंगा वाया गेल्या. उजव्या हातानं लवकर झालं असतं. मला घाई नव्हती.